पायच्या मेमरीला ‘सहा’ कोणी सांगितले?

शून्यप्रहर

काल या मंचावर ‘रास्पबेरी पाय ३ दिवसातून दोनदा हँग होतो’ या प्रश्नाखाली (‘पाय’ म्हणजे तळहाताएवढा, एकाच बोर्डाचा संगणक) एका सदस्यांनी सल्ला दिला आहे की, कॉन्फिग.टीएक्सटी या पायच्या सेटिंगच्या फाइलीत ‘ओव्हर_व्होल्टेज_एसडीरॅम=६’ एवढी एकच ओळ लिहावी, मेमरीला दम येतो आणि दुखणे कायमचे जाते. त्याखाली आभारांची रांग लागली असून दोघांनी ‘लगेच करून पाहतो’ असेही कळवले आहे. तिथेच चार ओळी लिहून थांबणार होतो, पण ते चार ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिशेब. ही ओळ मेमरीचे व्होल्टेज वाढवते. त्याची मूळ पातळी १.२ व्होल्ट आणि एक पायरी २५ मिलिव्होल्टची. सहा पायऱ्या चढल्या की १.३५ व्होल्ट होतात. पाय ३ च्या पाठीवर जी चिप आहे ती एलपीडीडीआर२ जातीची, आणि त्या जातीच्या मानकात या पुरवठ्याची मर्यादा १.१४ ते १.३० व्होल्ट आहे. चौथ्या पायरीलाच कुंपण लागते. सहाव्या पायरीवर आपण शेजाऱ्याच्या शेतात उभे असतो. फर्मवेअर (बोर्ड चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) आठपर्यंत, म्हणजे १.४ व्होल्टपर्यंत, जाऊ देते हे खरे. पण शेगडी मोठी होते म्हणून दूध मोठ्या आचेवर ठेवून कोणी बाजारात जात नाही.

आता हा ‘सहा’ आला कुठून, याबद्दल माझा तर्क असा. पाय १ साठी रास्पी-कॉन्फिग या सेटिंग बदलण्याच्या साधनात ‘टर्बो’ नावाचा पर्याय होता. तो निवडला की प्रोसेसर १०००, कोअर ५००, मेमरी ६०० मेगाहर्ट्झ आणि ‘ओव्हर_व्होल्टेज=६’ अशा चार ओळी फाइलीत पडत. ते सहा कोअरसाठी, म्हणजे प्रोसेसर व ग्राफिक्सच्या भागासाठी, होते. मेमरीच्या व्होल्टेजला टर्बोनेसुद्धा हात लावलेला नव्हता! पुढे कोणीतरी दोन सारख्या दिसणाऱ्या नावांत गल्लत केली आणि तो आकडा या घरातून त्या घरात गेला.

वेगवेडा

आपण मानकाचा दाखला दिलात, मी अनुभवाचा देतो. माझा पाय ३ गेली चार वर्षे मेमरी ४५० ऐवजी ५०० मेगाहर्ट्झवर आणि ‘ओव्हर_व्होल्टेज_एसडीरॅम=२’ वर चालू आहे. मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या खोलीत चालू आहे, हेही लक्षात घ्यावे. दोन काढून शून्य केले की मेमटेस्टर हा मेमरी तपासणारा प्रोग्राम दुसऱ्या फेरीत चूक दाखवतो, दोन केले की रात्रभर स्वच्छ. प्रत्येक चिप वेगळी असते आणि कारखान्याने ठरवलेला आकडा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. ज्यांनी कधी एक पायरीही चढून पाहिली नाही त्यांनी इतरांना घाबरवू नये.

शून्यप्रहर

दोन पायऱ्या म्हणजे १.२५ व्होल्ट. ते मर्यादेच्या आत आहे, आणि तुम्ही वेग वाढवलात म्हणून व्होल्टेज वाढवलेत, ह्यात माझे भांडण कशाशीच नाही. प्रश्नकर्त्याने वेगाला हात लावल्याचे कुठेही म्हटलेले नाही. मूळ वेगावर जर मेमरीला १.२ व्होल्ट पुरत नसतील तर दोष दुसरीकडे शोधावा, आणि शंभरातल्या नव्वद वेळा तो चार्जर व केबलमध्ये सापडतो.

माझीच कथा सांगतो. सांगलीच्या घरी पाय ३ ला बाहेरची डिस्क लावून फोटोंचा साठा केला होता. मोठी फाइल कॉपी करताना हटकून अडकायचा. मी तीन आठवडे मेमरीचे आकडे वरखाली करत बसलो. शेवटी मल्टिमीटरची टोके बोर्डावरच्या जीपीआयओ पिनांच्या रांगेत दुसऱ्या आणि सहाव्या पिनवर धरली; बोर्डाला मिळणारे ५ व्होल्ट तिथे मोजता येतात. डिस्क झोपलेली असताना ४.९ दिसत होते; ती फिरू लागली आणि आकडा ४.५८ वर आला, त्याच क्षणी बोर्डावरचा लाल दिवा (वीज पुरेशी असल्याची खूण) विझला. केबल मोबाइलच्या खोक्यातली, केसासारख्या तारेची होती.

तांबडा दिवा

पुन्हा केबल! कोणताही प्रश्न विचारला की या मंडळींचे उत्तर केबल. साहेब, बोर्डावर व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो. बाहेर ५ आहेत की ४.६, याचे मेमरीच्या १.२ व्होल्टला काहीही देणेघेणे नसते. आपली डिस्क अडकत होती, मेमरी नव्हे. डिस्कची गोष्ट मेमरीच्या धाग्यात सांगून आपण स्वतःच विषय भरकटवला आहे.

शून्यप्रहर

भरकटवलेला नाही, माणसे डिस्कच्या दुखण्यावर मेमरीचे औषध घेतात, हेच तर सांगतो आहे. हिशेब करा. २८ गेजच्या (गेज मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जाण्यायेण्याचा मिळून ०.४३. एक अँपिअर ओढला की एका मीटरमध्ये ०.४३ व्होल्ट गेले आणि पाचाचे ४.५७ उरले, फर्मवेअर ४.६३ च्या खाली इशारा देते. हीच तार २४ गेजची असती तर ०.१७ व्होल्टच गेले असते. पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्टचा का असतो, याचे उत्तर यातच आहे.

तांबडा दिवा

गणित बरोबर आहे, याची पावती देतो. मेमरीशी त्याचा संबंध अजूनही दाखवलेला नाही, याचीही.

सोल्डरधूर

मूळ विषयाकडे येण्याची कोणाची इच्छा असल्यास थोडे लिहितो. मी ऑलविनर एच३ या चिपवर चालणारे बोर्ड वापरतो. त्यातल्या ऑरेंज पाय पीसी या बोर्डावर डीडीआर३ मेमरीला जे १.५ व्होल्ट मिळतात ते रोधकांनी पक्के केलेले असतात. सॉफ्टवेअरमधून ते बदलताच येत नाहीत. हातात राहतो तो वेग. उत्पादकाचा आकडा ६७२ मेगाहर्ट्झचा, अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियनवाल्यांनी तो ६२४ वर आणला आणि माझ्या दोन बोर्डांची कटकट मिटली. तेव्हा ‘कारखान्याचे ते बरोबर’ हे शून्यप्रहरांचे गृहीतक चूक आहे आणि ‘व्होल्टेज वाढवा’ हा वेगवेडांचा उपायही एकमेव नाही.

मेमटेस्टरवर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक. तो फक्त प्रोसेसरकडून मेमरी तपासतो. म्हणूनच ऑलविनरच्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या सनक्सीच्या लोकांनी लिमा-मेमटेस्टर लिहिला, ज्यात पडद्यावर घन फिरत राहतो आणि ग्राफिक्सचा भार सोबत पडतो. मेमटेस्टरने रात्रभर पास केलेला माझा बोर्ड तिथे काही मिनिटांत आडवा झाला. त्याआधी मी दोन जीबीच्या एकाच फाइलीचा शा-२५६ (फाइलीचा ठसा; फाइल तीच तर उत्तरही तेच यायला हवे) तीनदा काढला होता आणि तिसरे उत्तर वेगळे आले होते.

वेगवेडा

आपल्या बोर्डावर मेमरी एक जीबी. दोन जीबीची फाइल तिच्यात मावत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी ती डिस्कवरूनच आली. चूक मेमरीची की डिस्कच्या वायरीची, हे आपण कसे ठरवलेत?

सोल्डरधूर

मान्य. तो पुरावा कच्चा होता. तीनशे एमबीची फाइल घेऊन पुन्हा केले, जी एकदा वाचल्यावर मेमरीतच राहते. तरीही उत्तर बदलले. हे आधीच लिहायला हवे होते. आपण पकडलेत, समाधान मिळाले असेल.

मूळ प्रश्नकर्ता

वाद माझ्यामुळे झाला, क्षमस्व. शून्यप्रहरांनी सांगण्याआधीच ‘सहा’ची ओळ लिहिली होती, हँग होणे बंद झाले, म्हणून आभारही मानले होते. आज ती काढली. वीज कमी पडली का हे सांगणाऱ्या ‘गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचे उत्तर ०x० आले, म्हणजे विजेची तक्रार नाही. मग फाइल पूर्ण वाचली. ज्यात ती फाइल आहे ते एसडी कार्ड माझ्या जुन्या पाय १ मधले आहे, तेच अपडेट करून पाय ३ ला लावले होते. त्यात खाली ‘एआरएम_फ्रीक=१०००’ आणि ‘एसडीरॅम_फ्रीक=६००’ या प्रोसेसरच्या व मेमरीच्या वेगाच्या ओळी सापडल्या. त्या मी कधी लिहिल्या ते आठवत नाही.

वेगवेडा

म्हणजे मेमरी ६०० वर पळत होती आणि व्होल्टेज वाढवल्यावर ती सावरली. ‘सहा’वाल्यांचा उपाय लागू पडला होता, याची शून्यप्रहरांनी नोंद घ्यावी.

शून्यप्रहर

नोंद घेतली. केबलची नव्वद टक्क्यांची बढाईही मागे घेतो. तांबडा दिवा यांना आनंद होईल. मात्र बाराशेचा प्रोसेसर टर्बोच्या त्याच ओळींनी हजारावर बांधला होता आणि मेमरी कुंपणाबाहेरचे व्होल्टेज पिऊन धावत होती. प्रश्नकर्त्यांनी टर्बोच्या ज्या ओळी फाइलीत असतील त्या सगळ्या काढाव्यात, मेमरी आपोआप ४५० वर येईल, आणि मग तीनशे एमबीच्या फाइलीचा शा-२५६ वीस वेळा काढून उत्तरे इथे टाकावीत.

तांबडा दिवा

आनंद झाला.