युरोव्हिजन : दडपशाही करणाऱ्या सरकारांच्या देशांना गाऊ द्यावं का?

मेतकूट

मे महिन्यातल्या त्या शनिवारी आमच्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडं तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी जमतात. मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आल्यापासून हा रिवाज बघतेय. प्रत्येकाच्या हातात छापलेला तक्ता आणि पेन्सिल, गाणं संपलं की गुण लिहायचे, दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. माझ्याकडे बटाटेवड्यांचं खातं आहे. यंदा मात्र वड्यांचा विषय निघायच्या कितीतरी आधीच भांडण पेटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोव्हिजन ही १९५६ पासून चालत आलेली गाण्यांची स्पर्धा. पहिल्या वर्षी सात देश होते, आता पस्तीस-चाळीसच्या आसपास असतात. यंदाची, म्हणजे २०२६ ची, व्हिएन्नात. २०२५ च्या डिसेंबरात जिनिव्हात संयोजकांच्या सभेत, गाझातल्या युद्धावरून वाद चालू असताना, इस्राएलला भाग घेता येईल असं ठरलं आणि स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया यांनी ‘मग आम्ही नाही’ म्हणून अंग काढून घेतलं. मागोमाग आइसलँडही. आमच्या इमारतीतही दोन तट पडलेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. ‘कुठलं सरकार वाईट’ हा प्रश्न इथे चुकीचा आहे. तो विचारत बसलं तर मंचावर शेवटी चिमुकलं सॅन मरिनो तेवढं उरेल. आपण ‘देश’ म्हणतो, पण या स्पर्धेत भाग घेतात त्या वाहिन्या. स्वीडनची एसव्हीटी, ब्रिटनची बीबीसी, जसं आपल्याकडे दूरदर्शन. त्यांची संघटना ही स्पर्धा भरवते. म्हणून विचारायचं ते एवढंच, की ही वाहिनी सरकारपुढे थोडीफार तरी ताठ उभी राहू शकते का?

बेलारूसचं बघा. २०२० मध्ये तिथली एक जोडी जाणार होती, पण करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्कोंच्या निवडणुकीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, या जोडीने त्यांना पाठिंबा दिला, आणि पुढच्या वर्षी सरकारी वाहिनीने त्यांना बाजूला केलं. त्यांच्या जागी जो चमू आला त्याच्या गाण्याचं नावच ‘मी तुला शिकवीन’ होतं. निदर्शकांना चिडवणारं गाणं म्हणून संयोजकांनी ते नाकारलं, बदली गाणंही नाकारलं, आणि बेलारूस बाद झालं. दोनच महिन्यांनी त्या वाहिनीचं सदस्यत्वही स्थगित झालं. कारण गाणं नव्हतं. अटकेतल्या लोकांच्या, दबावाखाली घेतलेल्या वाटाव्यात अशा मुलाखती ती वाहिनी दाखवत होती.

दुसऱ्या मजल्यावर बेलारूसची, मिन्स्कची एक बाई राहते. ती सांगते, आईशी व्हिडिओवर बोलताना मागे टीव्ही नेहमी मोठ्याने चालू असायचा. ‘आई, आवाज कमी कर, ऐकू येत नाही.’ आई मान हलवायची आणि बोटाने भिंत दाखवायची. शेजाऱ्यांना ऐकू जायला हवं, या घरात कुठली वाहिनी लागते ते.

जी वाहिनी रात्रीच्या बातम्यांत असले कबुलीजबाब दाखवते, तिने मे महिन्यात चमचमते कपडे घालून प्रेमाचं गाणं म्हणायला येऊ नये. बास, एवढंच माझं म्हणणं.

खडूफळा

ताई, लिहिलंय छान, पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून गप्प राहवत नाही.

१९६४, कोपनहेगन. पोर्तुगाल पहिल्यांदाच आलेला, गादीवर हुकूमशहा सालाझार. शेजारी स्पेनमध्ये तसाच फ्रँको. एक माणूस थेट मंचावर चढला, हातात फलक : फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका. त्याला ओढून नेलं. पोर्तुगालला त्या वर्षी शून्य गुण मिळाले. समजा, त्या माणसाचं तेव्हा ऐकलं असतं आणि पोर्तुगालला हाकललं असतं. मग दहा वर्षांनंतरचं काय?

६ एप्रिल १९७४, ब्रायटन. ॲबा जिंकलं ते वर्ष, म्हणून सगळ्यांना आठवतं. पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हाल्योला तीन गुण, शेवटच्या स्थानावर. तेच गाणं २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच कमी असताना लिस्बनच्या रेडिओवर लागलं, आणि बराकीतल्या सैनिकांना कळलं की तयारीला लागायचं. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. युरोव्हिजनमध्ये आपटलेल्या गाण्याने!

आणि बहिष्काराचं फळ? १९६९ साली स्पर्धा माद्रिदला होती आणि ऑस्ट्रियाने तिकडे जायचं टाळलं. फ्रँको त्यानंतर सहा वर्षं, मरेपर्यंत, सुखाने राज्य करत होता.

चिंचपेटी

खडूफळा सर, अर्धीच गोष्ट सांगितलीत.

कार्व्हाल्योचं गाणं का निवडलं? कारण त्यात काहीच नव्हतं. प्रेमभंगाचं गाणं, नुकतंच टीव्हीवर येऊन गेलेलं, रात्री अकराला लागलं तरी कुणाला संशय येऊ नये असं. ते ‘तयार राहा’ सांगण्यापुरतं. ‘निघा’ सांगणारी खूण मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या रेडिओवरून आली, जोझे अफोन्सोच्या ‘ग्रांदोला’ची. आणि या अफोन्सोची कित्येक गाणी सरकारने बंद केलेली होती. सालाझारच्या वाहिनीने त्याला युरोव्हिजनला पाठवलं असतं का? नावच नको.

स्पेनचंही तसंच. १९६८ मध्ये सेरात हा गायक जाणार होता, तो म्हणाला स्पॅनिशऐवजी कातालान भाषेत गाईन. झालं, त्याच्या जागी मासिएल गेली आणि जिंकून आली. हुकूमशाही देश मंचावर येतो तेव्हा कोण येतं, हे आधी तिकडच्या साहेबांनी ठरवलेलं असतं. त्यामुळे ‘कलाकाराला शिक्षा कशाला’ हे रडगाणं मला पटत नाही. त्या कलाकाराला शिक्षा घरीच होऊन गेलेली असते.

वरणभात

गाणं ऐका, वडे खा, झोपा. सगळीकडे राजकारण कशाला?

गोदाकाठ

@वरणभात, राजकारण आपण नाही आणत राव, ते आधीच येऊन बसलेलं असतं.

२००९ मध्ये अझरबैजानातल्या ४३ लोकांनी फोनवरून आर्मेनियाच्या गाण्याला मत दिलं. शत्रुदेश. त्यातल्या काहींना सुरक्षा खात्याने बोलावून विचारलं, का दिलंत मत? म्हणजे बघा, गाणं आवडलं म्हणून फोनचं बटण दाबावं आणि दारात सरकार उभं. त्यानंतर संयोजकांनी नियम केला की मतदारांची माहिती फुटली तर जबाबदारी वाहिनीची.

आणि दोनच वर्षांनी अझरबैजान जिंकलं. २०१२ ची स्पर्धा बाकूत. समुद्राकाठी नवं कोरं क्रिस्टल हॉल उभं राहिलं आणि त्या परिसरातल्या लोकांची घरं पाडली गेली. पण इथेच माझं मत डळमळतं. स्पर्धा तिथे झाली म्हणून जगभरचे पत्रकार तिथे गेले आणि त्या पाडलेल्या घरांच्या बातम्या आल्या. स्वीडनची लोरीन तिथल्या मानवाधिकार कार्यकर्त्यांना जाऊन भेटली. मग जिंकलीही तीच. जर्मनीचे गुण सांगायला आलेल्या बाईने थेट प्रक्षेपणात सुनावलं, की मत देता येणं आणि निवड करता येणं ही चांगली गोष्ट आहे, आणि युरोप तुमच्याकडे बघतोय. अझरबैजानला २००९ नंतर हाकललं असतं तर हे बोलायला कुणाला मिळालं असतं?

जुना रेडिओ

मेतकूटताई, तुमची फूटपट्टी आपल्याला लावून बघू.

१९७६, आणीबाणी. मी कॉलेजात. किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद. म्हणजे तुमच्या हिशेबाने आकाशवाणी नापास. कबूल, नापासच होती. बातम्यांमध्ये आगगाड्या वेळेवर धावत होत्या आणि बाकी काही घडतच नव्हतं.

पण आम्ही काय करायचो? रात्री सिलोन लावायचो, बातम्यांसाठी बीबीसी. वडिलांचा मर्फी होता. सुई केसभर सरकली की नुसती खरखर, म्हणून धाकट्या भावाला शपथ घातलेली की रेडिओला हात लावायचा नाही. बाहेरून येणारा आवाज केवढा मोठा असतो हे ज्याने खरखरीत कान घालून ऐकलंय त्यालाच कळेल. तुम्ही वाहिनीला हाकललंत की त्या वाहिनीवरून येणारी स्पर्धाही गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या आईने एक संध्याकाळ तरी भिंतीकडे न बघता काहीतरी बघितलं असतं.

चिंचपेटी

काका, तुमच्या प्रतिसादाला मनापासून दाद. पण तुम्हाला सिलोनची गरज पडली ती आकाशवाणीने दार लावलं म्हणून. दाराला कडी आतूनच लागलेली होती.

गोदाकाठ

अवांतर : हाकललेले गप्प बसत नाहीत. रशियाने २०२५ च्या सप्टेंबरात मॉस्कोत ‘इंटरव्हिजन’ भरवलं, सोव्हिएत काळातल्या नावाची धूळ झटकून. चीन होता, ब्राझील होता, आपणही होतो. व्हिएतनाम जिंकलं. स्वतंत्र मांडव घातला की तिथे गुरुजी पण आपले आणि वऱ्हाडी पण आपले.

खडूफळा

आणि ‘आपण’ म्हणताय तर २०१५ आठवा. गुलाम अली मुंबईत गाणार होते, विरोध झाला, कार्यक्रम रद्द. पाकिस्तान सरकारच्या कुठल्या अपराधात त्यांचा हात होता? ‘सरकार आवडत नाही, म्हणून गवई नको’ हे तर्कट कुठे जाऊन पोचतं ते आपण षण्मुखानंदच्या दारात पाहिलंय.

मेतकूटताई, मुख्य प्रश्न राहिला. तुमच्या निकषाने इस्राएल आत की बाहेर?

मेतकूट

सर, पेचात पकडलंत. प्रामाणिकपणे लिहिते.

निकष काटेकोर लावला तर आत. तिथली ‘कान’ ही वाहिनी सरकारची लाडकी नाही, उलट मंत्रीच ती विकायची भाषा करतात. संयोजक याच मुद्द्यावर बोट ठेवतात. पण २०२५ मध्ये इस्राएलच्या गाण्याला मतं द्या म्हणून सरकारी जाहिरात संस्थेने पैसे मोजून जाहिराती केल्या, प्रेक्षकांच्या मतांत ते गाणं पहिलं आलं आणि एकूणात दुसरं. त्यानंतर नियम बदलले, एका माणसाला वीस मतं देता यायची ती दहावर आणली. म्हणजे वाहिनी वेगळी आणि सरकार वेगळं, ही माझी रेघ तिथे पुसट झाली. शिवाय गाझातल्या मृत्यूंचा प्रश्न दडपशाहीचा नाही, युद्धाचा आहे. त्याला माझ्या निकषात खणच नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा हेच म्हणाले आणि मला उत्तर देता आलं नाही.

रशियाच्या वेळीही निकष वगैरे काही नव्हता. २००९ ला मॉस्कोत अंतिम फेरी होती, त्याच दिवशी समलिंगींचा मोर्चा पोलिसांनी उधळून लावला. ज्या स्पर्धेचे कितीतरी चाहते त्याच समाजातले, तिच्याच दिवशी! संध्याकाळी गाणी ठरल्याप्रमाणे झाली. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनमध्ये रणगाडे घुसले त्या दिवशी, संयोजक म्हणाले की रशिया भाग घेऊ शकतो. रात्रीतून फिनलंड आणि इतर वाहिन्यांनी आवाज चढवला आणि २५ ला रशिया बाहेर. या वेळी पाच वाहिन्यांनी तेच केलं, तर त्याच बाहेर. का, ते मला नीट सांगता येत नाही.

जुना रेडिओ काका, तुमचा प्रतिसाद दुसऱ्या मजल्यावर वाचून दाखवला, भाषांतर करत करत. मर्फीच्या सुईपाशी ती हसली. मग म्हणाली, आईने युरोव्हिजन बघितलं असतं, नक्की बघितलं असतं. पण आवाज तेवढाच मोठा ठेवून.

वरणभात

मग यंदा वडे आहेत की नाहीत?

मेतकूट

आहेत. माणसं किती येतील ते माहीत नाही. बटाटे आपले दोन किलोच आणणार.