मदत हवी आहे: हॉवर्थच्या पाद्रीबुवांची नोकरी नेमकी कशी होती?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी पॅट्रिक ब्राँटी यांच्यावर लेख लिहायला घेतलाय. शार्लट, एमिली, अ‍ॅन या इंग्रज कादंबरीकार ब्राँटी बहिणींचे वडील म्हणून ते माहीत असतात, पण मला त्यांच्या पाद्रीपणावर लिहायचंय. मुलींच्या चरित्रांत त्यांचा तऱ्हेवाईक म्हातारा करून ठेवलाय, ते काही पटत नाही.

१७७७ साली आयर्लंडमध्ये गरीब घरात जन्म, केंब्रिजला शिक्षण, १८०६ मध्ये दीक्षा, मग चारपाच गावं. १८२० पासून १८६१ मध्ये मरेपर्यंत यॉर्कशरमधलं हॉवर्थ. बायको तिथे आल्यावर दीडेक वर्षातच गेली, आणि सहाही मुलं त्यांच्या हयातीत.

अडलंय ते असं. १८१९ मध्ये ब्रॅडफर्डच्या व्हिकरने (मुख्य पाद्र्याने) त्यांना हॉवर्थसाठी निवडलं, तर गावच्या विश्वस्तांनी मोडता घातला. ब्राँटींनी माघार घेतली. मग रेडहेड नावाचे पाद्री आले. लोक लाकडी तळव्यांचे बूट आपटत भर उपासनेतून उठून गेले. पुढच्या रविवारी एकाला गाढवावर उलटा बसवून चर्चमध्ये आणला म्हणे! रेडहेड तीन आठवड्यांत परत. शेवटी तडजोड होऊन ब्राँटीच आले. वरून नेमणूक झालेली असताना गावकरी हे कशाच्या जोरावर करत होते?

शिवाय, गावच्या पाण्या-गटारांसाठी ब्राँटी सरकारकडे अर्ज करत राहिले. १८५० मध्ये सरकारी निरीक्षक बेंजामिन बॅबेज पाहणीला आले; मृत्यूचं सरासरी वय सव्विसाच्याही आत निघालं. हे पाद्र्याच्या कामात कसं बसतं? आणि ८४व्या वर्षापर्यंत निवृत्ती का नाही?

प्रतिसाद १:
जोर पैशाचा. हॉवर्थ स्वतंत्र पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) नव्हतं, ब्रॅडफर्डच्या मोठ्या पॅरिशमधलं उपचर्च होतं. नाव सुचवायचा हक्क व्हिकरचा, पण पाद्र्याचा पगार ज्या जमिनींच्या उत्पन्नातून निघे त्या एलिझाबेथ राणीच्या काळापासून विश्वस्तांकडे. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच समजा. माणूस पसंत नसेल तर ते पगार अडवून धरत. ब्राँटींचं पद 'पर्पेच्युअल क्युरेट'चं, म्हणजे उपचर्चच्या कायम पाद्र्याचं: एकदा नेमल्यावर सहजी काढता येत नसे, म्हणून तर सगळी भांडणं नेमणुकीआधी. गाढवाचा प्रसंग मात्र जपून वापरा, तो शार्लटच्या चरित्रकार गॅस्केलबाईंनी १८५७ मध्ये छापलाय, म्हणजे बराच नंतर.

प्रतिसाद २:
गटारांचं म्हणाल तर तेव्हा पॅरिशची सभा हीच गावची पंचायत. रस्ते वगैरे, आणि १८३४ च्या कायद्याआधी गरिबांची मदतही, तिथेच, आणि अध्यक्ष बहुधा पाद्रीच. शिवाय दफनं त्यांच्याच हातची; इतकी लहान मुलं पुरल्यावर अर्ज न करणाराच विचित्र म्हणायचा.

पेन्शन नव्हतंच. पद सोडून पेन्शन घ्यायची सोय करणारा कायदा १८७१ चा. पद सोडलं की घरही जायचं, त्यामुळे म्हातारे पाद्री क्युरेट (इथे अर्थ मदतनीस पाद्री) ठेवून काम चालवत. इथे क्युरेट होते जावई आर्थर निकल्स.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, लेखाला कणा मिळाला. म्हणजे १८६१ मध्ये सासऱ्यांमागे निकल्सना डावललं तेही विश्वस्तांनीच ना? इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला नाकारलं आणि ते आयर्लंडला परतले. त्यामागचं कारण कोणी सांगू शकेल का?