किडनीच्या मांजरीला घरी सलाइन: सुई नीट बसत नाही, खाणंही सुटलंय

होटगी_रोड

नमस्कार मंडळी. देशी मांजरी, वय १२, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. वजन सहा महिन्यांपूर्वी ४.२ किलो होतं, आता ३.४. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ४.१, फॉस्फरस वाढलेलं, पोटॅशियम खालच्या काठावर. हृदय तपासून झालंय, त्यात काही सापडलं नाही. डॉक्टरांनी एक दिवसाआड १०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाइन) कातडीखाली द्यायला सांगितलंय आणि एकदा करूनही दाखवलं.

घरी मात्र जमत नाहीये. निम्मं सलाइन केसांवरच सांडतं. जे आत जातं त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोवर ती उठून पलंगाखाली जाते. दिलेलं पाणी खांद्यावरून पुढच्या पायात उतरतं, पाय सुजल्यासारखा दिसतो. हे चालतं का? बाटल्या वरच्या खोलीत ठेवल्यात, ती खोली दुपारी भट्टीसारखी तापते. आणि सगळ्यात मोठी काळजी खाण्याची. वाटीपाशी येते, वास घेते, ओठ चाटते आणि मागे फिरते. कालपासून चिकनचे जेमतेम दोन चमचे पोटात गेलेत. सिरिंजने भरवू का?

सात_रस्ता

आधी सुईचं बघू. केस ओले होतात याचा अर्थ सुई एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आलीये. बहुतेकांचं इथंच चुकतं, कारण कातडं चिमटीत धरून सुई आडवी खुपसली जाते.

दोन खांद्यांच्या मधलं कातडं अंगठा आणि मधल्या बोटाने वर उचला, मग तर्जनीने त्या उचललेल्या भागाला शेपटीच्या बाजूने खाली दाबा. तिथे तंबूच्या दारासारखी एक खोबण तयार होते. सुई त्या खोबणीत, पाठीच्या कण्याला समांतर, डोक्याच्या दिशेने घालायची. टोकाची तिरकी कापलेली बाजू वर हवी. आत शिरताना हाताला 'टक्' असं जाणवतं आणि पुढे सुई मोकळी सरकते. मोकळी सरकत नसेल तर ती कातडीच्या जाडीतच अडकलीये. थोडी मागे घेऊन पुन्हा घाला. मग तंबू सोडून द्या, सुईचं बूड मात्र बोटांनी धरून ठेवा. तंबू धरून ठेवला तर पाण्याला पसरायला जागाच राहत नाही.

वेळ लागतो तो सुईच्या नंबरामुळे. २२-२३ नंबरची बारीक सुई 'तिला दुखू नये' म्हणून घेतली जाते, पण टोचण्याचं दुखणं एका क्षणाचं असतं आणि अडकून बसणं वीस मिनिटांचं. १८ नंबरची जाड सुई घ्या, नंबर जितका कमी तितकी सुई जाड. टोक नवीन आणि धारदार असेल तर मांजर बहुतेक वेळा मान वळवूनही बघत नाही. सुई दर वेळी नवी. एकदा वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं आणि नंतर तीच दुखते.

दुसरं कारण म्हणजे हवा. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या बाटलीत हवा शिरली नाही तर बाटली आत चेपत जाते आणि धार मंदावते. सेटच्या (सलाइनच्या नळीच्या) चेंबरजवळ हवेचं छोटं झाकण असतं, ते उघडं आहे का बघा. चेंबर अर्धा भरलेला ठेवा, नळीवरचं धार कमी-जास्त करायचं चाक पूर्ण उघडून नळीतली हवा आधी बाहेर काढा. बाटली मांजरीपासून तीन-चार फूट उंच टांगा, खिडकीच्या गजाला कपड्यांचा हँगर अडकवला तरी काम होतं. एवढं केलंत तर १०० मिली पाच ते दहा मिनिटांत जातं. थोडी हवा कातडीखाली गेली तर घाबरू नका, हाताला कुरकुर लागते आणि ती जिरते.

किती गेलं हे बाटलीवरच्या रेघांवरून ठरवू नका, चेपलेल्या बाटलीवर त्या फसवतात. बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर ठेवा. १०० ग्रॅम कमी म्हणजे १०० मिली. केसांवर किती सांडलं त्याचा अंदाज मात्र वेगळा धरा.

पायात उतरणं चालतं, पाणी उताराकडे जाणारच. सहा ते बारा तासांत फुगा जिरायला हवा. पुढच्या डोसच्या वेळीही फुगा तसाच असेल तर त्यावर आणखी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आणि एक सवय लावून घ्या: ती गाढ झोपली की एका मिनिटाचे श्वास मोजा, छाती वर-खाली झाली की एक. ३० च्या आत हवेत. सलग वाढत चालले, किंवा ४० च्या पुढे गेले, किंवा ती मान लांब करून बसू लागली, तर सलाइन थांबवून त्याच दिवशी दवाखाना. हृदय आज ठीक असलं तरी हे मोजत राहायचं. जास्तीचं पाणी आधी फुप्फुसाच्या भोवती किंवा फुप्फुसात साठतं आणि ते पहिल्यांदा श्वासातच कळतं.

नवी_पेठ

सुईबद्दल एक महत्त्वाची भर. दुकानात रंगावरून मागू नका, नंबरावरून मागा. साध्या सुईत १८ नंबर गुलाबी असतो, पण शिरेत ठेवायच्या कॅन्युलात गुलाबी म्हणजे २० नंबर आणि १८ नंबर हिरवा. 'गुलाबी द्या' म्हटलं की भलतंच हातात येतं.

बाटली आरएलचीच घ्या. ती शिल्लक नाही म्हणून कुणी डीएनएस (साखर-मिठाचं सलाइन) किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज पुढे केलं तर नको म्हणा. साखरेचं सलाइन कातडीखाली आग करतं आणि तिथे गळू होऊ शकतं. बाटलीत पोटॅशियमचं इंजेक्शन घरी मिसळायचा विचारही नको, मात्रा चुकली तर हृदय थांबतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर लेबलवर ३० अंशांखाली ठेवा असं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. बाटल्या खालच्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात हलवा. देण्याआधी चार थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर सोडा. गार नाही, गरम नाही, इतपत हवं. मांजरीच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, त्यामुळे या दिवसांत वेगळं कोमट करावं लागत नाही. डिसेंबरात, किंवा फ्रीजमधून काढलेली असेल तर, बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, आत एखादा भाग उकळता आणि बाकी थंड राहतं.

या सलाइनमध्ये जंतू मारणारं काही घातलेलं नसतं. एकदा सेट टोचला की बाटली किती दिवस चालवायची ते डॉक्टरांना विचारून तारीख मार्करने लिहा, आठवडाभर रेंगाळत ठेवू नका. दोन वापरांच्या मध्ये टोकाला नवी, टोपी असलेली सुई लावून बाटली फ्रीजमध्ये ठेवा. गढूळ दिसलं, कण दिसले की फेका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून दवाखान्यात परत द्या. घंटागाडीत टाकलेली सुई कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसते.

जुळे_सोलापूरकर

खाण्याचं. ताई, जबरदस्तीने भरवू नका, निदान आज तरी नको. तुम्ही जे लिहिलंय ना, वाटीपाशी येणं, वास घेणं, ओठ चाटणं, मागे फिरणं, ती मळमळ आहे. भूक आहे, पण अन्न समोर आलं की पोट ढवळतं. अशा वेळी तोंडात कोंबलं की तो पदार्थ आणि ती मळमळ यांची तिच्या डोक्यात कायमची गाठ बसते. शिवाय धडपडीत घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो.

आकडा समजून घ्या. पडून असलेल्या मांजराची किमान गरज वजन गुणिले ३० अधिक ७०, म्हणजे तुमच्या मांजरीला १७२ कॅलरी. उकडलेल्या चिकनच्या छातीचे १०० ग्रॅम म्हणजे १६५ कॅलरी. दोन छोटे चमचे १० ग्रॅम धरले तर पोटात गेल्या सोळा-सतरा, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या. म्हणून 'थोडं तरी खाल्लं' यावर समाधान मानू नका. मांजर दोन-तीन दिवस असंच राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि किडनीबरोबर दुसरं आजारपण उभं राहतं. जाड मांजरांत हे जास्त होतं, पण झपाट्याने वजन उतरलेल्या मांजरालाही ते चुकत नाही.

उद्या सकाळी डॉक्टरांना मळमळीच्या औषधाबद्दल (मॅरोपिटंट) आणि भूक वाढवणाऱ्या मिर्टाझापीनबद्दल विचारा. मिर्टाझापीनची मात्रा किडनीच्या मांजराला कमी आणि जास्त अंतराने लागते, म्हणून दुसऱ्याच्या मांजराचं प्रिस्क्रिप्शन वापरू नका.

अन्न अंगाइतकं कोमट करून पसरट बशीत द्या, खोल वाटीत मिशा टेकतात. चमचाभरच वाढा, पंधरा मिनिटांनी उचला. दिवसभर समोर पडलेलं अन्न मळमळ वाढवतं. बशी औषधाच्या आणि सलाइनच्या जागेपासून लांब ठेवा. किडनीचं खास खाद्य आत्ता सुरू करू नका, मळमळीत दिलेलं नवं खाद्य ती पुढे कधीच तोंडाला लावणार नाही. आधी जे आवडतं ते खाऊ दे, पोट स्थिरावलं की आठ-दहा दिवसांत थोडं थोडं बदला.

'आवडतं ते' मध्ये सुकट आणि बोंबील येत नाहीत, त्यात मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. हाडांचं सूप आणि कलेजीही नको. घरातला रस्सा तर नकोच. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि किडनीच्या मांजराचं रक्त आधीच कमी असतं. अंड्याचा पांढरा भाग उकडून कुस्करून चिकनमध्ये मिसळला तर प्रथिनं मिळतात आणि फॉस्फरस फारसा वाढत नाही.

फॉस्फरस बांधणारी पावडर दिली असेल तर ती अन्नातच मिसळायची, कारण ती अन्नातलाच फॉस्फरस धरते. मांजर खात नसताना नुसती पावडर तोंडात टाकून काही उपयोग नाही.

औषधांनी दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर मानेतून अन्ननलिकेत बसवायच्या नळीबद्दल बोला. नाव ऐकून घरचे दचकतात, पण रोज तोंड उघडण्याच्या झटापटीपेक्षा मांजराला ती फार सुसह्य असते. सुरुवातीला एका वेळी किलोमागे ५ मिली, म्हणजे तुमच्याकडे १७ मिली पातळ गाळलेलं अन्न, दहा-पंधरा मिनिटं घेत. आधी आणि नंतर ५ ते १० मिली कोमट पाणी सोडायचंच. नळी तुंबते ती नंतरचं पाणी विसरल्यामुळे.

होटगी_रोड

सगळ्यांचे आभार. आज १८ नंबर सुई, हवेचं झाकण उघडं, तंबू सोडून दिला. आठ मिनिटांत १०० ग्रॅम, केस कोरडे. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतली होती. मळमळीचं इंजेक्शनही झालं, संध्याकाळी तीन वेळा मिळून ४० ग्रॅम खाल्लं.

पण एक वेगळंच दिसतंय. बसली की हनुवटी छातीकडे झुकते, वर बघायचं तर डोळे वर करते, मान उचलत नाही. मागचे पायही डुगडुगतात. अशक्तपणा म्हणून सोडून देऊ का?

सात_रस्ता

सोडू नका. मान अशी झुकणं हे मांजरात पोटॅशियम उतरल्याचं ओळखीचं लक्षण आहे. किडनीतून पोटॅशियम लघवीवाटे जातं, खाणं बंद म्हणून आत येत नाही. सलाइनने लघवी वाढते आणि आरएलमध्ये पोटॅशियम अगदी थोडं असतं. रिपोर्टमध्ये ते आधीच काठावर होतं. सकाळी दवाखाना उघडताच रक्त तपासून घ्या, तोंडाने द्यायचं पोटॅशियम सुरू करता येतं. रात्रीत श्वास उथळ वाटला किंवा ती उभीच राहू शकली नाही, तर सकाळची वाट बघू नका.

जाताय तर रक्तदाबही मोजायला सांगा. या आजारात तो वाढतो आणि पहिलं लक्षण कधी कधी अचानक आलेलं आंधळेपण असतं: बाहुल्या मोठ्या, उजेडातही लहान न होणाऱ्या, चालताना भिंतीला धडकणं. असं दिसलं तर तास-दोन तासही थांबायचं नाही.

आणि अंग दुखतंय असं वाटून पॅरासिटामॉल कुणी देऊ नका. मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही, ५०० ची एक गोळी जीव घेते.

आसरा_चौक

इथंच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. लॅब्राडोर, २८ किलो, गोचीड तापानंतर चार दिवस उठत नाही. औषधं चालू आहेत. खाली सोलापुरी चादरीची घडी घातलीये. कोपराला लाल चट्टा दिसतोय.

सात_रस्ता

चादर जाड आहे, पण मूत शोषून ओली राहते आणि ओल्या कातडीलाच जखम होते. खाली चार इंची फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर चादर, आणि ओली होताच बदल. दर चार तासांनी कूस पालटा, रात्रीसुद्धा. पालटताना चारही पाय पोटाखालून घेऊन छातीवर आणा, मग दुसऱ्या कुशीवर. पाठीवरून लोळवलं तर पोट पिळण्याचा धोका असतो. कोपरासाठी चिंधीची चुंबळ करा, चट्टा तिच्या मधल्या पोकळीत आला पाहिजे. त्यावर पावडर नको, ओलाव्याने ती गोळा होऊन घासते.

पाणी आणि अन्न छातीवर बसवूनच द्या, आडवं असताना नाही. गोळी डॉक्सीसायक्लिन असेल तर मागून दहा मिली पाणी किंवा घास हवाच, कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते. लघवी बारा तासांत झाली नाही तर डॉक्टरांना कळवा. शेपटीखालचे आणि मांड्यांमधले केस आजच कापा आणि दिवसातून दोनदा उजेडात बघा. या दिवसांत माशी बसली की दिवसभरात अळ्या होतात, आणि त्या आधी तिथल्याच ओल्या केसांत सापडतात.