एलईडी बल्बच्या खोक्यावरचे आकडे आपण तपासावेत का?

उजेडवाडी: ९ वॅट, ९०० लुमेन, २५,००० तास. हे वाचून आपण पैसे मोजतो, पडताळून कुणी पाहत नाही. रोज पाच तास लावला तर २५,००० तास म्हणजे जवळपास पावणेचौदा वर्षं. त्याच्या निम्मी वर्षं तरी टिकलेले किती बल्ब आहेत तुमच्याकडे? वॅटमीटर बाजारात मिळतं, मोबाइलवर लक्समीटर ॲप मिळतं. सोसायट्यांनी चार कंपन्यांचे बल्ब तपासून निकाल नोटीस बोर्डावर लावावा.

फोटॉन: पूर्ण असहमत. लुमेन म्हणजे दिव्याचा सगळ्या दिशांचा एकूण उजेड. तो प्रयोगशाळेत, आतून पांढऱ्या पोकळ गोलात दिवा ठेवून मोजतात. लक्स म्हणजे एका जागी पडलेला उजेड. ज्याचा झोत खालीच एकवटतो तो बल्ब टेबलावरच्या मोबाइलला जास्त प्रखर वाटणार आणि चहूकडे उजेड देणारा नापास होणार. असा निकाल लावणं अन्याय आहे. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे, २०१८ पासून बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) वीजबचत दाखवणारं स्टार लेबलही. तपासणी हे त्यांचं काम.

उजेडवाडी: मग थेट मोजू नका. दिवा आडोशामागे ठेवा आणि पांढऱ्या भिंतींवरून परतलेला उजेड मोजा. खोली, होल्डर, मोबाइल तेच; आधी अर्धा तास दिवा तापू द्या. नेमके लुमेन कळणार नाहीत, पण ९०० लिहिलेल्या दोन बल्बांत एक दुसऱ्याच्या पाऊणपटच उजेड देत असेल तर ते लपणार नाही. आणि नोंदणी म्हणजे दुकानातल्या प्रत्येक बल्बची तपासणी नव्हे. नमुना एकदा पास होतो, माल रोज निघतो.

वायरमनभाऊ: तुम्ही उजेडावर भांडताय, माझ्याकडे मेलेले बल्ब येतात. उघडलं की बऱ्याचदा एलईडीच्या टिकल्या शाबूत, ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला जुळेल अशी वीज देणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर फुगलेला. तो उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं. स्वस्त बल्बांत ड्रायव्हर टिकल्यांच्याच पत्र्यावर असतो. तिथे एक टिकली काळी पडली की अख्खी माळ बंद.

फोटॉन: तेच तर! तास घरी कसे तपासणार? प्रयोगशाळेतही २५,००० तास दिवा जाळत बसत नाहीत. एलईडीची चाचणी साधारण ६,००० तास चालते आणि उजेड किती उतरला त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. उजेड ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात.

उजेडवाडी: म्हणजे तो आकडा टिकल्यांचा, आणि मरतो ड्रायव्हर. मग खोक्यावर तो एवढा ठळक का छापायचा? ही ग्राहकाची दिशाभूलच आहे.

हिशेबनीस: वॅटमीटर घेऊ नका. ९ ऐवजी १० वॅट खाल्ले तरी रोज पाच तासांनी वर्षाला दोन युनिटही वाढत नाहीत. त्यापेक्षा बिल जपा, बल्बच्या मानेवर मार्करने तारीख लिहा आणि वॉरंटी वसूल करा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही.

फोटॉन: शंभर रुपयांच्या बल्बसाठी आयोगात कोण जाईल? नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तर तो खर्चही आधी तक्रारदारानेच भरायचा.

उजेडवाडी: एकट्याने नाही, म्हणून तर सोसायटी म्हणतोय. जिन्यातले दिवे रात्रभर, बारा तास चालतात. तिथे २५,००० तास पावणेसहा वर्षांत भरतात. एकाच बिलावर घेतलेले बल्ब, बसवल्याची आणि गेल्याची तारीख रजिस्टरमध्ये. याहून खरी चाचणी कुठली?

वायरमनभाऊ: हे जमेल. फक्त बंद काचेच्या गोळ्यांतले बल्ब वेगळ्या पानावर लिहा. ते आत उकडून लवकर जातात, आणि कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवील.