एसी-प्लंबिंगच्या गाडीला बंद बॉडी की उघडा हौदा?

गारवा, पुणे
एसी दुरुस्तीच्या धंद्यात पहिली चारचाकी घेणाऱ्याला माझं ठाम सांगणं आहे. छोटा हत्ती घ्या नाहीतर बोलेरो पिकअप, पण बॉडी बंद घ्या, आणि तीही बाजूने उघडणारी. बरेच जण मालवाहतुकीचा कंटेनर घेऊन मोकळे होतात, ज्याला दार फक्त मागे. कुरिअरवाल्याला तो चालतो, त्याला माल एकदा भरायचा आणि उतरवायचा. आपल्याला दिवसभर तोच व्हॅक्यूम पंप, तेच गेज, तेच पाने काढायचे असतात. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब. मागून वाकून आत शिरायचं आणि केबिनजवळची पेटी ओढत आणायची, हे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे! बाजूला दारं आणि आत कप्पे असले की उभ्याउभ्या हात घालता येतो. मोठं दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला हवं, म्हणजे पोरगा रहदारीत उभा राहणार नाही.

आणि जुलैत ताडपत्रीखाली पीसीबी (एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ठेवणं मला पटत नाही. गिऱ्हाईक नव्या पार्टचे पैसे देतं, तो कोरडाच पोचला पाहिजे.

नळवाला, सांगली
दादा, तुमचं काम पेटीतलं आहे म्हणून हे जमतं. माझा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप २० फुटी येतो. तो बंद डब्यात कुठे घालू? पाण्याच्या टाक्या, सिमेंटची गोणी, वाळू, सगळं उघड्या हौद्यात तिन्ही फाळके पाडून पाच मिनिटांत उतरतं. अवजारांसाठी केबिनच्या मागे आडवी लोखंडी पेटी बोल्टने बसवली, कुलूप लावलं, झालं. चार पाने सुरक्षित राहावेत म्हणून अख्खी गाडी डब्यात कोंबायची, हे मला पटणार नाही.

गारवा, पुणे
सव्वासात फुटांच्या हौद्यातून २० फुटी पाइप मागे लोंबतो, त्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल गाडीबाहेर निघाला तर दंड २०,००० रुपये आहे. दंड बाजूला ठेवा, अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते टोक दिसतच नाही. पाइप दुकानातच कापून घ्या किंवा टेम्पोने थेट साइटवर टाकायला सांगा.

नळवाला, सांगली
लोंबणाऱ्या टोकाचं मान्य, तो जिवाचा प्रश्न आहे. पण दुकानात कापून आणला तर साइटवरचं माप चुकतं आणि सॉकेट (पाइप जोडायचे तुकडे) वाढतात. जिथे जोड, तिथे गळती. टेम्पोने मागवेन, पण हौदा उघडाच राहील.

विदर्भातला मिस्त्री, नागपूर
तुम्ही दोघेही गॅसबद्दल बोलला नाहीत. बंद बॉडीत ब्रेझिंगचा, म्हणजे तांब्याचे पाइप गॅसच्या ज्योतीने जोडायचा, सेट ठेवता ना? ॲसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून पार ८० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असलं तरी पेटू शकतं. रात्रभर व्हॉल्व्ह थोडा गळला आणि सकाळी कोणी दिवा लावला तर पत्र्याच्या डब्याचा बॉम्ब होतो. एलपीजी जड, ते तळाला साचतं. म्हणून हवा खेळायला जाळी वर आणि खाली, दोन्हीकडे हवी. नुसता टपावरचा पंखा पुरत नाही. ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच बांधायचा.

आता एसीत भरायचा आर-३२ गॅससुद्धा थोडा ज्वलनशील आहे. सिलिंडर ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं. उन्हात उभ्या पत्र्याच्या डब्यात काय होत असेल बघा. माझं मत: अवजारं बंद बॉडीत, सिलिंडर बाहेरच्या जाळीदार कप्प्यात, सावलीला. आत एकही नाही.

इलेक्ट्रिकल कंत्राटदार, कोल्हापूर
नागपूरच्या दादांचं शंभर टक्के खरं. मी कागदांचं बोलते. उघडी गाडी पासिंग करून घ्यायची आणि मग गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून डबा चढवायचा, हे करू नका. त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी तेच पहिलं बघते. कंपनीचाच कंटेनर घ्या, किंवा कॅब-चासिस (हौद्याशिवाय नुसती केबिन आणि सांगाडा) घेऊन मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून बांधून मगच नोंदणी करा. बाजूची दारं त्याच वेळी आराखड्यात घाला.

वजनाचंही ऐका. डबा, कप्पे, शिडी हे सगळं भारक्षमतेतूनच कापलं जातं. रिकाम्या गाडीत सगळी अवजारं ठेवून वजनकाट्यावर न्या, उरेल तोच तुमचा माल. स्प्रिंगचे पाटे वाढवले म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही. गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. काही मोठ्या पिकअप त्याच्या वर जातात, बुकिंगआधी बघा.

सोसायटीवाला तंत्रज्ञ, ठाणे
उंच डबा आमच्या निम्म्या इमारतींच्या पार्किंगमध्ये शिरत नाही. वॉचमन गेटवरच थांबवतो, मग आउटडोअर युनिट रस्त्यावरून उचलून न्या. सर्व्हिसिंगचं काम जास्त असेल तर मारुतीची ईको कार्गो व्हॅन घ्या: बंद आहे, सरकती दारं आहेत, आत सहज जाते.

गारवा, पुणे
ठाणेकर, सर्व्हिसिंगपुरती ईको चांगलीच. पण दीड टनी एसीचे चार-पाच संच आणि माणसं एकाच फेरीत न्यायची तर ती अपुरी पडते. उंचीसाठी मी बॉडी केबिनच्या बरोबरीनेच ठेवायला सांगेन, कारण आपल्याला आत उभं राहायचंच नाही. नागपूरच्या दादांची जाळी आणि बाहेरचा सिलिंडर कप्पा मात्र मी पुढच्या आराखड्यात घालतोय. दादा, कप्पा चासिसच्या कोणत्या बाजूला घेता? सायलेन्सरपासून लांब ठेवला तर डावीकडचं मोठं दार अडतंय.

विदर्भातला मिस्त्री, नागपूर
मागच्या टोकाला, आडवा. दार अडत नाही. पण आधी तुमच्या मॉडेलचा सायलेन्सर कुठे निघतो ते खाली वाकून बघा, आणि मागच्या दिव्यांपुढे कप्पा येऊ देऊ नका.