डाऊन सिंड्रोमची बातमी आणि व्हरांड्यातले डॉक्टर

मुक्ताई: परवा इथे एका डॉक्टरांनी लिहिलं, "डाऊन सिंड्रोमचं निदान सांगताना पालकांचे डोळे पुसायला आम्ही काय कीर्तनकार आहोत?" दोन दिवस गप्प बसले. आता नाही राहवत. माझ्या मुलालाही डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्तीचं. आता अकरा वर्षांचा. तो जन्मला त्या दुपारी डॉक्टरबाई माझ्याकडे फिरकल्याच नाहीत. नवऱ्याला आणि सासूबाईंना व्हरांड्यात गाठून "मूल मंगोल आहे, फार आशा ठेवू नका" म्हणाल्या नि राउंडला गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं, आयाकडून! "मंगोल" हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेनं १९६५ सालीच टाकून दिला. गोड बोलणं नकोच होतं मला. बाळ माझ्या कुशीत, नवरा शेजारी, आधी अभिनंदन, मग काय ते सांगा.

रात्रपाळी: तो डॉक्टर मीच. कीर्तनकार मागे घेतो, मुद्दा नाही. नुसत्या चेहऱ्यावरून खात्री देता येत नाही, कॅरिओटाइपला, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीला, दोन-तीन आठवडे जातात. आधी बोललं तर "उगाच घाबरवलं", नाही बोललं तर "लपवलं". माझी कॉलर धरून झालीय एकदा.

मुक्ताई: मग शंका आहे एवढंच सांगा की! यातल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. आमच्या बाळाची टूडी इको तो पाच महिन्यांचा झाल्यावर झाली, कारण कुणी तोंडच उघडलं नाही.

अण्णा सोलापूरकर: गरोदरपणातली डबल मार्कर रक्ततपासणी केली नव्हती का? हल्ली आधीच कळतं सगळं.

लेकुरवाळी: आले अण्णा! डबल मार्कर म्हणजे निदान नव्हे हो. माझा रिपोर्ट १:१८०, म्हणजे १८० त एकीला शक्यता, वर लाल अक्षरात हाय रिस्क. रिसेप्शनवरच्या मुलीनं हातात दिला. पोटात सुई घालून पाणी काढलं, सगळं नॉर्मल. त्या तीन आठवड्यांत सहा किलो उतरले. १८० पैकी १७९ जणींचं बाळ असं नसतं, हे एक वाक्य कुणाला सुचलं नाही.

अण्णा सोलापूरकर: विचारलं तर बिघडलं काय? गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळानं परवानगी दिली तर २४ आठवड्यांपुढेही मोकळं होता येतं.

मुक्ताई: "मोकळं"? अण्णा, तो आत्ता माझ्या शेजारी बसून कैरी खातोय. वाचून दाखवू त्याला?

अण्णा सोलापूरकर: शब्द चुकला. पण कायदा मी नाही केला.

बाबर्डेकर आजी: मी व्हरांड्यातली सासू. या मुक्ताची नव्हे, दुसरीची. डॉक्टर म्हणाले, "ओली बाळंतीण आहे, सांगू नका, दूध आटेल." आठ दिवस जीभ चावून डिंकाचे लाडू वळले. सून अजून म्हणते, तुम्ही लपवलंत. शेजारणी म्हणायच्या, हिनं ग्रहणात भाजी चिरली. एकदा मीही बोलून गेले. गुणसूत्र एक जास्तीचं आलं, यात आईचा काही दोष नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर माझं तोंड तेव्हाच बंद झालं असतं.

रात्रपाळी: आजी, "दूध आटेल" मीही म्हणालोय. २०१९ पासून एमबीबीएसला एटकॉम या विषयात पेशंटशी वागणं-बोलणं शिकवतात. आमच्या वेळी मढी फाडायला शिकवलं, हे नाही. ठीक आहे, उद्यापासून बाळंतिणीच्या खाटेशी खुर्ची टाकून बसतो. बाहेरचे शंभर पेशंट तुम्ही तपासा.

मुक्ताई: टाका. आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीचा, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राचा, पत्ता चिठ्ठीवर लिहून द्या. आम्हाला तो रिक्षावाल्यानं सांगितला.