२१ सप्टेंबर: जेवढे दिवे पाण्यात, तेवढे परत काठावर

प्रेषक: कार्यक्रम समिती

सर्व सभासदांना नमस्कार,

आंतरराष्ट्रीय शांतता दिन यंदा, म्हणजे २०२६ साली, सोमवारी येतोय. सिअ‍ॅटलमधल्या शेजारच्या संस्थांनी मिळून संध्याकाळी ग्रीन लेकच्या काठावर जमावं आणि त्यात आपल्या मंडळाने एक काम पूर्णपणे अंगावर घ्यावं, असं ठरतंय. काम कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. आत्तापर्यंत तीन सूचना आल्या आहेत: पांढरी कबुतरं सोडणं, आकाशात कागदी दिवे सोडणं आणि पाण्यात दिवे सोडणं.

यंदा गणपती १४ तारखेला बसतात आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे, म्हणजे हा दिवस ऐन गणेशोत्सवात येतो. विसर्जन आणि हा कार्यक्रम एकाच जागी उरकता येईल का, असंही काही जणांनी विचारलंय.

काका, सामानसुमानाची बाजू तुमच्याकडे आहे. तुमचं मत कळवाल का?

— समितीतर्फे

प्रेषक: सामान विभाग

ताई, नमस्कार.

पहिल्या दोन सूचना यादीतून काढाव्यात. कबुतरं अंधार पडला की उडत नाहीत, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमात ती बसतच नाहीत. घरी परतायला शिकवलेली कबुतरं वेगळी. पण पिंजऱ्यात वाढलेले पांढरे होले सोडले तर त्यांना दाणा शोधता येत नाही आणि ससाण्यापासून लपताही येत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनात सोडलेले पक्षी ज्योतीच्या पात्रावर बसले आणि त्यातले काही जळाले. तेही शांततेचं प्रतीक म्हणूनच सोडले होते. आकाशदिव्यांचं म्हणाल, तर जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात १ जानेवारी २०२० ला असल्याच दिव्यांनी माकडघर पेटलं आणि तीसहून अधिक प्राणी मेले. वर सोडलेली आग कुठे उतरेल हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं.

पाण्यातल्या दिव्यांना मात्र माझा मनापासून पाठिंबा आहे, आणि त्याला कारण हे गाव आहे. हिरोशिमात ६ ऑगस्टच्या संध्याकाळी मोतोयासू नदीत दिवे सोडतात. त्याच दिवशी ग्रीन लेकवर १९८४ पासून ‘फ्रॉम हिरोशिमा टू होप’ हा कार्यक्रम होतो. लोक शब्द सांगतात, सुलेखनकार तो दिव्याच्या कागदावर जपानीत लिहून देतात आणि शेवटी सगळे दिवे पाण्यातून परत काढले जातात. नागासाकीवरच्या बाँबमधलं प्लुटोनियम आपल्याच राज्यातल्या हॅनफर्डमध्ये तयार झालं होतं. म्हणून या तळ्यावर दिवा सोडण्याला वजन आहे. त्यांच्याकडून पहिल्यांदा उचलायची गोष्ट म्हणजे दिवे परत काढण्याची शिस्त. सोडताना फोटो छान येतात, पण खरं काम नंतरच सुरू होतं.

आता १०० दिव्यांचा हिशेब.

पाया: कुंपणासाठी मिळणारी सिडारची फळी घ्या, साडेपाच इंच रुंद आणि ६ फूट लांब. टोकाचे तिरके कोपरे कापून टाकले की एका फळीतून १४ सेंमीचे १२ चौकोन निघतात. ९ फळ्यांत १०८ होतात, म्हणजे ८ जास्तीचे. जाडी साधारण १.६ सेंमी असते. फळी दुकानातून बरेचदा ओलसर येते आणि ओला पाया पाण्यात खोल बसतो, म्हणून आडव्या पट्ट्यांवर सुट्या ठेवून तीन आठवडे वाळवा. सिडार कोरडा असेल तर दिवा लावल्यावरही अर्धी जाडी पाण्याच्या वर राहते. हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं लाकूड घेऊ नका. त्यात तांबं असतं आणि ते पाण्यात उतरतं.

काड्या: कबाबाच्या बांबूच्या काड्या, १७ सेंमी लांब. पायाच्या चारही कोपऱ्यांपासून दीड सेंमी आत, १ सेंमी खोल भोकं पाडा आणि त्यात काड्या उभ्या करा. मधोमध ड्रिलच्या ४० मिमीच्या बिटाने ५ मिमी खोल खळगा करा. टीलाइट (पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती) त्यातच बसली पाहिजे. चिकटपट्टीने लावलेली मेणबत्ती पाया तापला की सरकते आणि कागदाला टेकते.

कागद: ४७ सेंमी लांब आणि १४ सेंमी उंच पट्टी. चार काड्यांभोवती साधारण ४५ सेंमी जातात, उरलेले २ जोडाला. खाली १ सेंमी फट ठेवा, ज्योतीला हवा तिथून मिळते. कागदाची उंची पायाच्या रुंदीपेक्षा वाढवू नका, नाहीतर त्याचं शीड होतं आणि पहिल्याच झुळकीला दिवा कलंडतो. इथला साधा कागद २८ सेंमीच लांब असतो, त्यात दोन जोड येतात. म्हणून रोल घ्यावा.

आपली आकाशकंदिलाची सवय इथे थोडी बदलावी लागेल. खळ ओली झाली की सुटते. दहा मिनिटांच्या शिंतोड्यांत जोड उघडतो. पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंदच हवा. पतंगी कागदाचा रंग ओघळतो आणि जिलेटीन ज्योतीजवळ आक्रसतं. पांढरा शोजी कागद (जपानी सरकत्या दारांना लावतात तो) सगळ्यात बरा.

विसर्जन वेगळंच ठेवावं. तळ्यात मूर्ती उतरवायची नाही आणि निर्माल्यही टाकायचं नाही. त्याच माणसांवर दोन्ही कामं पडली तर परत आलेल्या दिव्यांची मोजणी हमखास चुकते.

— सामान विभाग

प्रेषक: मुलांची शाळा

काका, सविस्तर मेलबद्दल खूप आभार. कागदाचं काम आमचे वर्ग घेतील. चार शंका आहेत.

१. मुलांनी काय लिहावं? ‘शांतता’ लिहिलं की ‘शांतता राखा’ची पाटी आठवते, ‘शांती’ म्हटलं की ग्रहशांती. काही पालकांनी ‘सलोखा’ सुचवलंय, आणि आम्हाला तो शब्द फार आवडला, कारण तो दोन बाजूंमधला असतो, एकट्याचा नसतो.
२. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे चालतील का?
३. पाऊस आला तर?
४. विद्यापीठाच्या पुलाजवळच्या पीस पार्कमध्ये सदाकोचा, म्हणजे हिरोशिमाच्या बाँबमुळे आजारी पडून गेलेल्या आणि आजारपणात कागदी क्रौंच घडणाऱ्या मुलीचा, पुतळा होता. तो जुलै २०२४ मध्ये चोरीला गेला. मुलांना तिथे कागदी क्रौंच पक्ष्यांच्या माळा ठेवायच्या आहेत. कशा कराव्यात?

— शाळेतर्फे

प्रेषक: सामान विभाग

बाई, ‘सलोखा’च लिहा. शिवाय प्रत्येकाला एका माणसाचं नाव लिहायची मोकळीक द्या, मग तो दिवा कुणाचा तरी होतो. लिखाण पट्टी सपाट असतानाच करायचं, काड्यांवर चढवल्यावर नाही. स्केचपेनची शाई पसरते. पाण्याने न फुटणारं काळं पेन द्या आणि एक दिवस वाळू द्या.

बॅटरीचे दिवे: परवानगीत उघड्या ज्योतीला मनाई आली तर ते घ्यावेच लागतील. तेव्हा झाकणाला स्क्रू असलेलेच घ्या. नाण्याएवढी बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका भाजते. एकही सुटी बॅटरी काठावर फिरता कामा नये. उद्यान खात्याला पत्र लिहिताना ज्योत, दोरी आणि होडी हे तिन्ही शब्द स्पष्ट घाला. ‘दिव्यांचा कार्यक्रम’ एवढंच लिहिलं तर ऐन वेळी अडतं.

दोरी: दिवे मोकळे सोडायचे नाहीत. पांढरी विणलेली ३ मिमीची दोरी, १२ मीटरचा एक तुकडा, त्यावर मीटरभर अंतराने १० दिवे, असे १० सर. पायाच्या कडेला छोटा कडीचा स्क्रू आणि त्यातून दोरी. मासेमारीची तंगूस अजिबात नको, बदकांच्या पायात अडकते. सराचं लांबचं टोक कयाकवाला (छोट्या वल्ह्याच्या होडीतला माणूस) नेतो आणि विटेला बांधून तळाशी सोडतो. जवळचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात राहतं. मोकळे दिवे वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतात आणि एकाची ज्योत दुसऱ्याच्या कागदाला लागते.

वारा: झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर पाण्यात उतरायचं नाही. तेच दिवे गवतावर रांगेत मांडायचे. पावसालाही हाच उपाय. हा निर्णय ५ वाजता एकाच व्यक्तीने घ्यायचा आणि नंतर त्यावर चर्चा करायची नाही.

पाणी: उन्हाळ्याच्या शेवटी ग्रीन लेकमध्ये विषारी शेवाळ येतं. आदल्या दिवशी काठावरची सूचना वाचा. शेवाळ असेल तर कुणीही पाण्यात पाय घालू नये. सर धरणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत आणि मुलांनी ओल्या दोरीला हात लावू नये.

वेळ: सूर्यास्त साधारण ७:१० चा. टीलाइट चार तास जळणाऱ्या घ्या आणि ६:५५ ला काठावरच पेटवा. नुकत्याच लावलेल्या वातीने मेण ओढलेलं नसतं, ती फुंकरीएवढ्या वाऱ्यानेही विझते. पाच-सात मिनिटांत मेण वितळलं की ज्योत धरते. लांबच्या टोकाचा दिवा आधी पाण्यात, जवळचा शेवटी. ७:३० ला एक मिनिट स्तब्धता. ८ ला सर ओढायला घ्यायचे, सावकाश. दिवा फुंकू नका, गरम मेण कागदावर उडतं. छोट्या डब्याने झाका. वाळूची एक बादली आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी हव्यात.

मोजणी: प्रत्येक पायाच्या तळाला १ ते १०० आकडा घालायचा. पहिल्या सरात १ ते १०, दुसऱ्यात ११ ते २०, याप्रमाणे. काठावर आला की तक्त्यावर खूण. एकही आकडा कमी असेल तर कयाकवाला विजेरी घेऊन फिरेल, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोघांनी तळ्याभोवतीची २.८ मैलांची वाट चालायची.

क्रौंच: १५ सेंमीचा अगदी चौकोनी कागद. एक मिलिमीटरचा फरक पडला तरी चोच टोकदार होत नाही आणि पंख असमान येतात. साध्या कागदातून कापताना कर्ण दुमडून कडा जुळते का ते आधी पाहा. हजार करायचे तर ४० ची एक माळ, अशा २५ माळा. तळाला मणी आणि सुई पोटाच्या भोकातून पाठीवर. इथल्या पावसात बाहेर लटकवलेली माळ आठवड्यात लगदा होते. म्हणून बागेत तासभर ठेवून परत आणा आणि शाळेत टांगा.

— सामान विभाग

प्रेषक: कार्यक्रम समिती

काका, बाई, ठरलं. आपल्याकडे १०० दिव्यांचं काम.

दुपारी १२ ला, जिथे असू तिथे, एक मिनिट स्तब्धता. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी १९८१ साली ठरवला. तेव्हा तो सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी असे; २१ तारीख २००१ च्या ठरावाने पक्की झाली, आणि त्याच ठरावात शस्त्रं खाली ठेवण्याचं आवाहनही आहे. न्यूयॉर्कच्या मुख्यालयात या दिनानिमित्त जी घंटा वाजवतात, ती साठ देशांतून आलेल्या नाण्यांतून ओतलेली, १९५४ साली जपानकडून मिळालेली आहे. आपल्या कार्यक्रमात भाषणं नाहीत, प्रायोजकांचे फलक नाहीत. एक घंटा वाजेल, तीही ७:३० ला.

फळ्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आणायच्या आहेत. करवत, ड्रिल आणि ४० मिमीचा बिट कुणाकडे आहे, ते याच धाग्यात कळवा. मोजणीच्या तक्त्यावर बसायला दोन माणसं हवी आहेत. त्यांनी त्या संध्याकाळी दुसरं कोणतंही काम घेऊ नये.

— समितीतर्फे